शिवार कोरडं, गुडघा ओला

बारामतीत माणसाला ताप आला तर ती त्याच्या घरातली गोष्ट असते. पोट बिघडलं तर फार तर शेजाऱ्यांना कळतं. गुडघा सुजला की मात्र तो गावाचा होतो. ताप अंगावर काढून माणूस साखरपुड्याला जाऊ शकतो. सुजलेला गुडघा घेऊन सतरंजीवर बसायला गेला की तो आधी भिंत शोधतो, मग भिंतीला टेकलेल्या पाहुण्याचा खांदा शोधतो, मग "आई गं" म्हणत निम्मा खाली येतो आणि उरलेला निम्मा कोसळतो. बूड टेकायच्या आत समोरून पहिलं निदान आलेलं असतं.

"वात हाय त्यो."

"वात कशाचा? पाणी झालंय."

"गादी झिजली आसंल. आमच्या मेव्हण्याची बी झिजली."

चौथे एक आबा असतात. उभा जन्म ट्रॅक्टर चालवलेला. ते गुडघ्याकडे न बघताच म्हणतात, "वंगान संपलंय," आणि निकाल दिल्यासारखे चहाच्या कपाकडे वळतात.

ज्याचा गुडघा, त्याला अजून कोणी काही विचारलेलं नसतं. तशी पद्धतही नाही. मला कौतुक वाटतं ते याचं, की एकाच गुडघ्यात पाणी झालंय म्हणणारा आणि वंगण संपलंय म्हणणारा शेजारी शेजारी बसून एकमेकांना "हां, त्येच की" असा दुजोरा देतात. एकजण बारामतीचा आणि दुसरा इंदापूरचा असला तरीही. या दोन तालुक्यांचं पाण्यावरून सहजी एकमत झाल्याचं ऐकिवात नाही. गुडघ्यातल्या पाण्यावरून मात्र होतं.

बैठकीत जे होतं तेच एसटीत जास्त पद्धतशीर होतं. बारामतीचं नवं बसस्थानक विमानतळासारखं दिसतं, असं लोक पाहुण्यांना कौतुकानं सांगतात. फरशी चकचकीत झाली, गाडीची पहिली पायरी मात्र होती त्याच उंचीवर राहिली. इंदापूरची गाडी लागते. एक आजी दांडीला लोंबकळून एक पाय वर ठेवते आणि दुसऱ्या पायाची वाट बघत उभी राहते. कंडक्टर म्हणतो, "चला आज्जी, उरका." मागून दोन अनोळखी हात लागतात, आजी आत येते, आणि सीटवर टेकल्या टेकल्या उपचार सुरू होतात.

काटेवाडी येईपर्यंत रुईचं पान सांगून झालेलं असतं. पानाला एरंडेल लावायचं, तव्यावर शेकायचं आणि गुडघ्यावर फडक्यानं आवळून बांधायचं. भवानीनगरला निर्गुडीचा पाला येतो. तो पाण्यात उकळून वाफ घ्यायची, मग पाय पंख्याखाली न्यायचा नाही, नाहीतर वात फिरतो. लासुर्ण्याला मेथीचे दाणे, रात्री भिजवून सकाळी अनशापोटी. अंथुर्ण्याला डिंकाचे लाडू, म्हणजे हाडांना ताकद आणि गुडघ्यांना दोन किलो जादा वजन. निमगाव केतकीपर्यंत मागच्या बाकावरचा माणूस पुढं सरकून आवाज खाली आणतो. "एक जण हाय आमच्याकडं. पुडी देतो. तीन पुड्यांत म्हातारी पळाया लागती." इंदापूर आल्यावर आजी उतरते. उतरताना गुडघा तेवढाच दुखतो, पण पिशवीत पाच औषधं आलेली असतात आणि एकाचाही पैसा लागलेला नसतो.

यातल्या शेकाला आणि वाफेला माझा अजिबात विरोध नाही. जुनाट झिजेच्या दुखण्याला ऊब बरी वाटते आणि आजीला त्या निमित्तानं घटकाभर पाय पसरून बसायला मिळतं, हा तर उपचाराचा मोठाच भाग. रुईचा चीक कातडी भाजतो आणि डोळ्यात गेला तर डोळ्याची वाट लावतो, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे झालं. बिब्ब्याचं नाव कोणी काढलं तर मात्र गाडीतून उतरावं. बिब्ब्यानं गुडघ्याचं दुखणं खरोखर विसरायला होतं, कारण वर उठलेल्या फोडांपुढं त्याचं काही चालत नाही. आणि पुडीबद्दल सांगायचं तर म्हातारी खरंच पळायला लागते. अशा बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. पहिल्या आठवड्यात चमत्कार होतो, काही महिन्यांत चेहरा गोल गरगरीत होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. पुडी एकदम बंद केली तर माणूस अंथरूण धरतो. नातेवाईक म्हणतात, "बघा, पुडी चालू व्हती तवर बरी व्हती."

आता पाण्याकडे येऊ. "पाणी झालंय" हे वाक्य इंदापूर तालुक्यात ज्या सुरात म्हटलं जातं त्या सुरात ते दुसरीकडे ऐकू येणार नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. तो आधी बारामती तालुक्यातून वाहतो आणि मग उरलं तर इंदापूरला पोचतो. उरलं तर, हा शब्द इंदापूरकरांचा. तिथल्या शेतकऱ्यानं पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरायचा, पाटकऱ्याची मिनतवारी करायची, आवर्तन कधी सुटणार म्हणून कालव्याच्या कडेला रात्री बॅटरी घेऊन बसायचं. अशा माणसाला डॉक्टरनं सांगितलं, की तुमच्या गुडघ्यात पाणी झालंय, तर त्याच्या तोंडून निघतं, "अर्ज तर शेताचा केला व्हता." डॉक्टर हसतात. माणूस हसत नाही.

मुळात पाणी तिथं असतंच. निरोगी गुडघ्यात ते चहाचा चमचा भरेल इतकंही नसतं. घट्ट, चिकट, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं. सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, तिला आपण गादी म्हणतो. (खरं तर गुडघ्यात दोन हाडांच्या मधे चंद्रकोरीसारख्या आणखी दोन चकत्या असतात आणि त्यांनाही गादीच म्हणतात. कुठली झिजली हे मेव्हण्याच्या बाबतीत कधीच कळत नाही.) हाडावरच्या या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. म्हणजे हे शेपटाचं शेत, विहीर नाही, बोअर नाही, सगळी मदार पाटपाण्यावर. पाऊल टाकलं की कूर्चा दाबली जाते, उचललं की सुटते, आणि या दाबासोडीत ते चिकट पाणी आत झिरपून तिला खाऊ घालतं. चालणं हेच तिचं आवर्तन. गुडघा दुखतो म्हणून माणूस सहा महिने खाटेवर बसला, की त्यानं आपल्याच हातानं कालव्याचं दार खाली पाडलेलं असतं.

आणि सूज म्हणजे काय, तर याच कालव्याच्या वरच्या अंगाला जे होतं ते. बारामतीच्या कालवापट्ट्यात वर्षानुवर्षं पाणी मुरून कितीतरी रानं पाणथळ झाली, चोपण झाली. पाणी भरपूर आणि पीक नाही. सांध्याच्या अस्तराला चीड आली, झिजेमुळं असो, आमवातानं असो, की युरिक अ‍ॅसिडच्या खड्यांनी असो, की ते पाणी सोडत सुटतं. हे जादा पाणी पातळ असतं. त्याची चिकटाई गेलेली असते, सांध्याला ते धड घसरू देत नाही. म्हणजे पाणीही झालेलं असतं आणि वंगणही संपलेलं असतं. सतरंजीवरचे दोघेही बरोबर होते. एमबीबीएसला साडेपाच वर्षं लागतात, आबांनी चहाच्या एका कपात उरकलं.

सुईनं पाणी काढलं की पुन्हा पुन्हा काढावं लागतं, सवय लागते, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. सवय सुईची लागत नाही. रान पाणथळ झालं की नुसतं इंजिन लावून पाणी उपसलं तर चार दिवसांत ते पुन्हा येतं, कारण पाझर चालूच असतो. पाणी काढायचं ते दोन कामांसाठी. एक म्हणजे ताण कमी होतो आणि माणूस रात्री झोपतो. दुसरं काम मोठं, ते पाणी बघता येतं. पिवळसर नितळ निघालं तर बहुधा झीज. लाल निघालं तर आत काहीतरी फाटलंय. गढूळ निघालं तर डॉक्टरचा चेहरा बदलतो, आणि तो बदलायलाच हवा.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर जे प्रश्न विचारतो ते पेशंटला अगदीच फालतू वाटतात. तो मशीनकडे बघत असतो आणि डॉक्टर गप्पा मारत बसतो. पण निम्मं निदान त्या गप्पांत असतं, आणि त्या गप्पा आपल्याकडे अशा होतात.

"कधीपासून दुखतंय?"

"पालखी यायच्या आधीपासनं."

"यंदाच्या?"

"यंदाच्या कशाला. कारखान्याचं विलेक्शन नव्हतं का, त्या साली."

"सकाळी उठल्यावर पाय आखडतो का? किती वेळ?"

"धार काढून होस्तोवर."

हे उत्तर फार मोलाचं आहे. दोन म्हशींची धार काढून होईस्तोवर, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत पाय मोकळा झाला, तर झिजेचा संशय. सकाळचा तासभर उलटून गेला तरी बोटांचे आणि गुडघ्यांचे सांधे सुटत नसतील, दोन्ही बाजूंना दुखत असेल, तर आमवात, आणि त्याचे उपचार निराळे. कबड्डी खेळणारं पोरगं सांगतं, की चढाईत पाय मुरगळला, आत पट्‌ असा आवाज झाला आणि दोन तासांत गुडघा टम्म फुगला. ते बहुतेक आतलं रक्त, आतली दोरी तुटल्याचं. तोच गुडघा रात्रीत हळूहळू फुगला तर चकतीचा संशय. पोराच्या दृष्टीनं दोन्ही वेळा "मुका मार"च असतो आणि दोन्ही वेळा मालिशवाला बोलावलेला असतो.

मग डॉक्टर मांडीवरून खाली हात दाबत आणतो आणि दुसऱ्या हातानं गुडघ्याची वाटी दाबतो. आत पाणी असलं तर वाटी तरंगते, टक्‌ करून खाली टेकते. हे बघून पेशंटबरोबर आलेले तिघे चौघेही आपापल्या वाट्या दाबून बघतात.

एक प्रकार मात्र असा आहे की त्यात सगळा गाव फसतो. गुडघा दुखतो, फोटो स्वच्छ, पाणी नाही, सूज नाही, आणि दुखणं असतं खुब्यात. खुबा बिघडला तरी कळ गुडघ्यात येऊ शकते. कालवा वरच्या अंगाला फुटावा आणि बोंब शेपटाला उठावी, तसं. म्हणून चांगला डॉक्टर गुडघ्याच्या पेशंटचा खुबा फिरवून बघतो. तेव्हा पेशंटची बायको हळूच म्हणते, "गुडघा खाली हाय, डॉक्टर."

फोटोवरून, म्हणजे एक्स-रेवरून, आठवलं. फोटो उभं राहून काढला तर सांध्यातली फट खरी किती उरली ते दिसतं. आडवं झोपवून काढला तर गुडघा आराम करत असताना कसा दिसतो तेवढं कळतं. पण फोटो आणि दुखणं यांची सोयरीक फार पक्की नाही. फोटोत पार हाडाला हाड लागलेला माणूस निवांत ऊस भरताना दिसतो आणि फोटोत किरकोळ झीज असलेला रात्रभर विव्हळतो. तरी गावात फोटोलाच मान. लग्नात भेटलेले दोन व्याही पाकिटातून फोटो काढून मांडवाच्या उजेडात धरतात आणि कोणाची फट कमी यावरून मानपान ठरतो.

रक्ताच्या तपासणीत युरिक अ‍ॅसिड वाढलेलं निघालं, की घरातून टोमॅटो आणि तूरडाळ हद्दपार होते. बिचाऱ्या डाळीचा यात फारसा हात नसतो. हात असतो मटणाचा, काही माशांचा, दारूचा आणि गोडाचा. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो आणि फ्रुक्टोज शरीरात मोडताना युरिक अ‍ॅसिड तयार होतं. आता विचार करा. भिगवणला उजनीच्या पाणवठ्यावरची ताजी मासळी, गावोगाव मटणाच्या खानावळी, आणि तालुक्यात कारखाने असे की ऊस एका बाजूनं आत गेला की साखरही बाहेर येते आणि शेजारच्या आसवनीतून मद्यार्कही. युरिक अ‍ॅसिडच्या या सांधेदुखीला वातरक्त म्हणतात, आणि ते म्हणजे काय हे ज्यांना पुस्तकातून शिकवायचं आहे त्यांनी इकडं एक सहल काढावी.

२०१९ पासून बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव दिलेलं आहे. त्यामुळे शिकणाऱ्या पोरांना गुडघे बघायला लांब जावं लागत नाही. गुडघे आपल्या पायांनी येतात, जरा लंगडत.

गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनबद्दल थोडक्यात. आपल्या लोकांना ते माहीत झालं वाजपेयींमुळे. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा डावा गुडघा बदलला, जून २००१ मध्ये उजवा, आणि जुलैत वाजपेयी आग्र्याला मुशर्रफ यांच्याशी बोलायला हजर. चर्चा फिसकटली, गुडघे टिकले. पुढं ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला वेसण घातली. सर्रास वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा दीड लाखाच्या पुढं विकला जायचा, त्याला ५४,७२० रुपयांची कमाल मर्यादा आली. झीज शेवटच्या पायरीवर असेल, रात्रीची झोप गेली असेल, बाकी सगळं करून झालं असेल, तर हे ऑपरेशन उत्तम आहे. माझं भांडण आहे ते "बाकी सगळं" न करता तिथं पोचणाऱ्यांशी.

"बाकी सगळं" म्हणजे काय, तर दोन गोष्टी. पहिली वजन. एक किलो वजन उतरलं की चालताना दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो, असं २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मोजलेलं आहे. म्हणजे साडेबारा किलो कमी केले तर दर पावलाला साखरेचं एक पोतं गुडघ्यावरून खाली येतं. दिवाळीला कारखान्याची सवलतीची साखर घरी आणताना सभासदांनी हे गणित पोत्यावरच लिहून ठेवायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट मांडीचा व्यायाम. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्यानं खाली दाबायची, पाच-सहा आकडे मोजायचे, सोडायचं. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याचं ओझं ते वाटून घेतात. जगभरातले सांध्यांचे तज्ज्ञ झिजेच्या गुडघ्याला सगळ्यात आधी हाच उपचार सांगतात आणि जगभरातले पेशंट सगळ्यात शेवटी करतात. आमच्याकडे तर डॉक्टरनं टॉवेलची गुंडाळी दाखवली, की पेशंट क्षणभर टॉवेलकडे, मग डॉक्टरकडे बघतो. "म्हंजे सुई न्हाई?" नाही. "सलाईन?" नाही. बाहेर आल्यावर तो म्हणतो, "डाक्टर हुशार वाटत न्हाई. टावेल दाबाय सांगतोय."

या अविश्वासावर अमेरिकेतही इलाज नाही. ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात झिजेचे गुडघे असलेल्या १८० जणांवर एक प्रयोग झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. काहींचा गुडघा दुर्बिणीतून धुतला, काहींचा धुऊन आतला कचराही खरवडला, आणि काहींना नुसत्या चिरा देऊन टाके घातले. आत काहीच केलं नाही. दोन वर्षांनी तिन्ही गटांना आराम सारखाच! हे वाचल्यापासून पुडीवाल्याच्या गिऱ्हाइकांना नावं ठेवताना मी जरा जपून असतो. कपडे वेगळे असतात, श्रद्धा तीच.

व्यायामावर विश्वास नसलेल्या याच तालुक्यांत दर वर्षी त्याचा जाहीर प्रयोग होतो. तुकोबांची पालखी देहूहून निघून बारामतीत मुक्कामाला येते. पुढं काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या, मेंढ्यांचं रिंगण, सणसरचा मुक्काम, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, मग इंदापूर. देहूपासून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. त्यात घरी देवळाच्या तीन पायऱ्या चढायला नातवाचा खांदा मागणाऱ्या आज्या असतात. बेलवाडीच्या मैदानात अश्व धावून गेला, की या आज्या पदर खोचून अशी फुगडी धरतात की समोरची तरुण सून दमून सोडवण मागते. "आज्जी, गुडघा?" असं विचारलं तर उत्तर येतं, "त्यो घरी ऱ्हायला." संध्याकाळी मुक्कामाला बारामती-इंदापूरची माणसं तेलाच्या वाट्या घेऊन बसतात आणि अनोळखी पाय मांडीवर घेऊन चेपतात.

भक्तीचं श्रेय कमी करायची माझी इच्छा नाही. पण रोज चालणं, सोबत माणसं, वेळेवर साधं जेवण, संध्याकाळी पायाला तेल आणि रात्री लवकर झोप, हे कागदावर लिहून दिलं तर उत्तम चिठ्ठी होईल. आषाढी झाली की आजी एसटीनं परत येते, खाटेवर बसते, आणि श्रावणात गुडघा पुन्हा धरतो. ज्याला वारी जमत नाही त्यानं संध्याकाळी कालव्याच्या भरावावरून अर्धा तास चालावं. पाणी सुटलंय का तेही कळतं. गुडघा जास्त सुजलेला असेल तर दोन-चार दिवस दमानं घ्यावं. गोळ्या लागल्याच तर डॉक्टरला विचारून थोडे दिवस. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्या तर मूत्रपिंडं बिघडू शकतात, आणि ती गुडघ्यासारखी आधी कुरकुर करून सांगत नाहीत. खाली बसणं होत नसेल तर कमोडची लाज बाळगू नये. पंगतीच्या जागी टेबलं आली तेव्हा आपण कुठं लाजलो?

एवढ्या सगळ्यात एका गुडघ्याशी मात्र थट्टा नाही. तो एकाएकी सुजतो, लाल होतो, हात लावला तर गरम लागतो, थंडी वाजून ताप येतो, पाय जराही हलवू देत नाही. आत पू झालेला असू शकतो, आणि पू थोड्या दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो, मग ती पुन्हा उगवत नाही. असं दिसलं तर शेक नको, मालिश नको, रुईचं पान नको, मागच्या बाकावरचा सल्ला तर नकोच. त्याच दिवशी दवाखाना गाठा. पेशंटला साखरेचा आजार असेल तर संध्याकाळच्या ओपीडीचीही वाट बघू नका.